नवशिक्याची रोजकीर्द

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी बोरीतील पुतण्याच्या दुकानातून निरोप आला, "काका, सवड काढून येऊन जा. संगणक रोज काहीतरी बजावतो आहे." बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला आप्तेष्ट दोन कारणांसाठी हमखास बोलावतात, ठेवींचे व्याजदर विचारण्यासाठी, नाहीतर संगणक अडला म्हणून. पहिल्या विषयात मला थोडी गती आहे. दुसऱ्यात ती आहे, असा लोकांचा समज आहे.

पडद्यावरील सूचना स्पष्ट होती. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १०ला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. यंत्र बंद पडणार नव्हते. परंतु चोरांना ठाऊक झालेली भगदाडे यापुढे कोणी बुजवणार नव्हते. विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि पुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. २०१६ साली घेतलेले आमचे यंत्र त्या अटींत बसेना. वर्षभराची वाढीव मुदत मिळण्याची सोय होती, पण ती म्हणजे थकलेल्या कर्जाला दिलेली मुदतवाढ; कर्ज जागच्या जागीच राहते. विक्रेत्याने नव्या यंत्राचा भाव चाळीस हजारांच्या पुढे सांगितला होता, आणि यंदाच्या वहीपूजनाला नवेच यंत्र मांडावे असे पुतण्याच्या मनात होते. मला ते पटेना. पेटी शाबूत असताना केवळ कुलपाचा कारखाना बंद झाला म्हणून ती भंगारात कोणी घालत नाही.

आणखी एक कारण होते, ते लिहिताना संकोच वाटतो. पायलीभर तूरही बिनपावतीची न घेणाऱ्या आमच्या दुकानात, पत्रे व तक्ते करण्याची ऑफिस प्रणाली बिनपावतीची होती. ती दहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून मीच घालून घेतली होती. आपल्यापैकी किती दुकानांत आजही असेच असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातीला फोन लावला. ती म्हणाली, "आजोबा, लिनक्स घालून पाहा. त्यातले मिंट घ्या, नवख्या माणसाला सोपे जाते. पैसे लागत नाहीत." फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला होता. गल्ल्यावर बसलेल्या पुतण्याने लगेच विचारले, "फुकट? मग देणाऱ्याला त्यात सुटते काय?"

व्यापाऱ्याच्या तोंडचा हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत मीही पुढे गेलो नाही. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो एका विशिष्ट परवान्याखाली जगाला खुला केला. तो परवाना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी गृहस्थांच्या चळवळीतून आला. ती चळवळ १९८३पासून चालू होती. परवान्याचा आशय असा : ही प्रणाली वापरा, आतून उघडून पाहा, बदला, इतरांना द्या, विकाही, मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल, तेव्हा तिची पाककृतीही त्याच अटींवर द्या. म्हणजे 'मोफत' हा येथे गौण भाग, 'मुक्त' हा मुख्य. देणाऱ्याला काय सुटते? रेड हॅट या कंपनीने अशा मुक्त प्रणालींसोबत लागणारी सेवा व हमी विकून एवढा धंदा उभा केला, की आयबीएमने २०१९ साली सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून ती विकत घेतली. ज्यांचा व्यवसाय या प्रणालीवर चालतो, त्या मोठमोठ्या कंपन्या आपले पगारी अभियंते तिच्या सुधारणेला लावतात. गावच्या रस्त्याची डागडुजी त्यावरून सर्वांत जास्त गाड्या नेणाऱ्याने करावी, तसेच हे. "तुझ्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो," असे सांगितल्यावर पुतण्याचा विरोध निम्मा झाला.

आता माझी चूक सांगतो. दिवसअखेर नोंदींची प्रत काढून ती शाखेबाहेर ठेवायची, हा बँकेचा नियम मी वर्षानुवर्षे पाळला आणि कनिष्ठांना पाळायला लावला. त्याला जागून दुकानाच्या टॅलीतील सर्व वर्षांचे हिशेब आणि उधारीच्या याद्या मी एका काळ्या पेन ड्राइव्हवर उतरवल्या. दुसऱ्या दिवशी मिंट चढवण्यासाठी पेन ड्राइव्ह हवा होता. खणातून एक काळा पेन ड्राइव्ह काढला. "यावरील सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचे का?" असे यंत्राने विचारले. मी "हो" म्हटले. आयुष्यभर कर्जदारांना "सही करण्यापूर्वी वाचा" असे सांगणारा मी, ती ओळ न वाचताच पुढे गेलो.

मग त्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले. मिंटचा पडदा आला, सगळे प्रसन्न वाटले. चढवण्याच्या टप्प्यावर दोन मुख्य पर्याय दिसले : विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा संपूर्ण डिस्क पुसून बसवा. प्रत तर घेतलेलीच आहे, मग घर धुऊन स्वच्छच करावे, टॅली पुन्हा चढवता येईल, असा विचार करून मी पुसण्याच्या पर्यायावर बाण नेला. तेवढ्यात मागून पुतण्या म्हणाला, "काका, हिशेबाचा पेन ड्राइव्ह तिजोरीत ठेवू का? कुठे आहे?" मी खिसा चाचपला. खण पाहिला. मग यंत्राच्या तोंडाला लागलेल्या त्या काळ्या पेन ड्राइव्हकडे आम्ही दोघेही पाहत राहिलो. सात-आठशे शेतकऱ्यांची उधारी, त्यातील कित्येकांशी माझ्या थोरल्या बंधूंच्या काळापासूनचा व्यवहार, आणि तो सारा त्या क्षणी एका बोटाखाली होता.

बोट उचलले. पुतण्या काही बोलला नाही, चहा मागवला. आमच्या घराण्यात राग व्यक्त करण्याची ती जुनी पद्धत आहे.

गंमत अशी, की पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या त्या मिंटनेच, काहीही न चढवता, यंत्रातील विंडोजची डिस्क उघडून दाखवली. दुकानातून दोन नवे पेन ड्राइव्ह आणवून हिशेबाच्या दोन प्रती काढल्या, एक तिजोरीत व एक माझ्या घरी ठेवली. नातीला पुन्हा फोन केला, तेव्हा कळले की टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. पुसले असते, तर प्रत असूनही ती उघडायला दुकानात काही उरले नसते. अखेर शेजारी बसवण्याचा पर्याय निवडला. आता यंत्र सुरू होताना कोणत्या घरात जायचे ते विचारते. विंडोजच्या घरात टॅली, आणि त्या घराचे इंटरनेट कायमचे बंद. ईमेल, बँक, जीएसटीचे संकेतस्थळ इत्यादी बाहेरच्या जगाशी संबंध येणारे सारे मिंटच्या घरात. ऑफिस प्रणालीच्या जागी लिब्रेऑफिस आले. ते मराठीतही चालते, आणि त्याच्या पावतीची चिंता नाही.

पहिल्या पंधरवड्यात तक्रारी पुष्कळ आल्या. बिले छापण्याचा थर्मल प्रिंटर मिंटच्या घरात अद्याप रुसलेला आहे. जुन्या टंकांत लिहिलेली मराठी पत्रे उघडली, तर रोमन अक्षरांचा भुसा दिसे. हा दोष लिनक्सचा नव्हे, आपण वर्षानुवर्षे युनिकोड टाळून वापरलेल्या टंकांचा आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक ज्याला येतो, त्याला मात्र काहीच नवे शिकावे लागत नाही. सर्वांत विचित्र घोटाळा घड्याळाचा झाला. सकाळी दहाला दुकान उघडून विंडोज सुरू करावी, तर तिथे पहाटेचे साडेचार! लिनक्स यंत्राच्या आतील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचते. आपला देश त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तेवढाच फरक. तो एका ओळीच्या आज्ञेने मिटला.

ती आज्ञा लिहिण्यासाठी काळी खिडकी उघडली आणि मी थबकलो. नव्वदीच्या दशकात आमच्या शाखेत आलेले यंत्र युनिक्सवर चाले, आणि आम्ही अशाच काळ्या पडद्यावर आज्ञा लिहीत असू. सहज एल आणि एस ही दोन अक्षरे टंकली. फायलींची यादी समोर उभी राहिली, जशी तेव्हा राहत असे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या त्या युनिक्सच्या धर्तीवरच लिनक्स रचलेले आहे, हे मी वाचले होते. बोटांना ते माझ्याआधी कळले. नवशिका म्हणून गेलो होतो, आणि तिथे जुना सहकारी भेटला.

डिसेंबरमध्ये एके संध्याकाळी वीज गेली, त्यात इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली. यंत्र काम चालू असतानाच बंद पडले. वीज आल्यावर सुरू केले, तेव्हा पडद्यावर झरझर काही ओळी गेल्या. त्यांत 'जर्नल' सावरत असल्याचा उल्लेख होता. वाणिज्य शाखेच्या माणसाचे लक्ष त्या शब्दावरून हटेना. चौकशी केली, तर शब्द आपलाच निघाला. डिस्कवर कोणती फाइल कोठे आहे याची नोंद बदलायची असेल, तर ही प्रणाली तो बदल आधी एका रोजकीर्दीत लिहिते आणि मग मुख्य वहीत खतावते. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचून पुऱ्या झालेल्या नोंदी खतावते आणि अर्धवट नोंद सोडून देते. विंडोजची आजची पद्धतही यासारखीच आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सर्वसाधारण मांडणीत ही रोजकीर्द फाइलींच्या जागांचा हिशेब राखते, आतल्या मजकुराचा नव्हे. त्यामुळे न साठवलेले पत्र गेले ते गेलेच. माझे गेले. पुन्हा लिहिले.

ज्यांना टॅली मुळीच नको आहे, त्यांच्यासाठी जीएनयूखाता नावाची मुक्त हिशेब प्रणाली आहे. कृष्णकांत माने या दृष्टिहीन संगणकतज्ज्ञांच्या पुढाकाराने ती आपल्या देशातच घडली. मी अजून ती दुकानात सुचवलेली नाही. वर्षअखेरीस माणसाच्या बोटांची सवय बदलू नये. आमच्या मिंटच्या आवृत्तीला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तेव्हा घाई नाही.

वहीपूजनाला जुनेच यंत्र मांडले होते. हिशेबाच्या दोन्ही पेन ड्राइव्हना पुतण्याने लाल दोरा बांधला आहे. तिसऱ्या, काळ्या पेन ड्राइव्हवर त्याने चिकटपट्टी लावून पेनाने लिहिले आहे : "काकांचा".