पिस्तुलाची हौस आणि रिव्हॉल्व्हरची शिस्त

विजयादशमीचा दिवस. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी एका सराफाच्या घरी शस्त्रपूजन चालू होते. पाटावर आजोबांची तलवार आणि तिच्या शेजारी नव्याने घेतलेले .३२ बोअरचे पिस्तूल. पूजेपूर्वी थोरल्या मुलाने पिस्तुलाचे मॅगझिन काढून बाजूला ठेवले होते. शस्त्र रिकामे झाले अशी घरातील सर्वांची खात्री होती. हळदकुंकू वाहून झाल्यावर त्याने ते उचलले, सहज चाप ओढला आणि गोळी देवघराच्या चौकटीत शिरली. चौकटीपासून दीड हातावर त्याची सात वर्षांची पुतणी फुलांची परडी घेऊन उभी होती. मॅगझिन निघाले होते खरे. परंतु नळीत आधीच चढलेले एक काडतूस आतच राहिले होते.

ही हकीकत ऐकल्यावर आपले पुरोगामी विद्वान काय म्हणतील ते सांगावयास नको. शस्त्रपूजन हीच मुळी मध्ययुगीन मानसिकता, समाजाला शस्त्रांची गरजच काय, पोलीस कशासाठी आहेत, इत्यादी. त्यांना उत्तर देण्यात फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली जो शस्त्र कायदा झाला, त्याने गोऱ्याला मोकळीक दिली आणि हिंदी माणसाला निःशस्त्र केले. त्या कायद्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. खुद्द गांधीजींनी हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांपैकी एक मानला होता. अहिंसेची जपमाळ ओढणाऱ्यांनी निदान आपल्या घरची कागदपत्रे तरी उलटून पाहावीत.

परंतु आज आमचे भांडण त्यांच्याशी नाही. ते आपल्याच माणसांशी आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी आणि व्यावसायिक वर्गात परवाना मिळताच पिस्तूल घेण्याची एक चढाओढ दिसते. रिव्हॉल्व्हर म्हणजे जुन्या फौजदाराचे हत्यार, पिस्तूल म्हणजे आधुनिकता, असा एक समज हिंदी चित्रपटांनी आणि अमेरिकेतून येणाऱ्या वाङ्मयाने रुजविला आहे. मोबाइलचे नवे मॉडेल घ्यावे तशी ही खरेदी होते. विचारले तर दोन युक्तिवाद पुढे येतात. पिस्तूल चपटे असते, शर्टाखाली दिसत नाही. आणि त्यात काडतुसे अधिक बसतात, शिवाय पुन्हा भरणेही झटपट होते.

पहिला मुद्दा खरा आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. रिव्हॉल्व्हरचे सहा घरांचे फिरते चक्र जाड असते. बुशशर्टखाली ते कमरेशी फुगून दिसते. नेहरू शर्ट आणि जाकीट घालणाऱ्याची गोष्ट निराळी. जो मनुष्य रोज शस्त्र अंगावर झाकून वावरतो, त्याला या अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक जाणवतो. तथापि, अंगावर लपविणे ही निम्मीच बाब झाली. लपविलेले शस्त्र घरी परत येते, खुंटीवर टांगले जाते, कपाटात ठेवले जाते, मुलांच्या घरात रात्र काढते. तेथे ते भरलेले आहे की रिकामे, हे एका दृष्टिक्षेपात कळणे अगत्याचे असते. रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडले की सहाही घरे डोळ्यांसमोर येतात. काडतूस असेल तर दिसते, नसेल तर आरपार उजेड दिसतो. पिस्तुलाचे तसे नाही. मॅगझिन काढल्यावरही स्लाइड मागे ओढून नळी तपासावी लागते, आणि हा क्रम उलटा झाला तर आधी नळी रिकामी होते व मग मॅगझिनमधले पुढचे काडतूस पुन्हा आत चढते. सरावाच्या माणसाला हे अंगवळणी पडलेले असते. वर्षातून एकदा दसऱ्याला शस्त्र हातात घेणाऱ्याला ते आठवत नाही. त्या सराफाच्या मुलाचा दोष होताच. परंतु त्याच्या हाती रिव्हॉल्व्हर असते तर ती चूक होणे कठीण होते.

दुसरा मुद्दा काडतुसांच्या संख्येचा. येथे तर कायदाच त्यांच्या विरुद्ध उभा आहे. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंडविधानाच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. शब्द बदलले, क्रमांक बदलले; गाभा तोच राहिला. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, त्याहून अधिक नाही. प्रत्येक गोळीचा हिशेब उद्या न्यायालयात द्यावयाचा आहे. हल्लेखोर पळू लागला की हक्क बहुधा तेथेच संपतो. अशा कायद्याखाली जगणाऱ्या दुकानदाराला आठ-दहा गोळ्यांचे मॅगझिन हवे कशासाठी? ज्याला सहा गोळ्यांत आपला जीव वाचविता आला नाही, त्याला पुढच्या चार गोळ्या वाचवतील ही आशा चित्रपटगृहातच शोभते.

आता शस्त्राच्या भरवशाविषयी. आपल्याकडचा परवानाधारक काडतुसे जपून ठेवतो. ती महाग असतात, आणि किती घ्यावयाची याची मर्यादा परवान्यातच असते. परिणामी तीच काडतुसे चार-चार पावसाळे कपाटात पडून राहतात. कोकणातल्या दमट हवेत त्यांचे काय होते हे तेथील जुन्या शिकाऱ्यांना विचारावे. असे काडतूस उडाले नाही, तर रिव्हॉल्व्हरवाला पुन्हा चाप ओढतो. चक्र फिरते आणि पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. पिस्तूलवाल्याला मात्र दोन्ही हातांनी स्लाइड ओढून ते निकामी काडतूस बाहेर काढावे लागते, आणि तेही काळोखात, भीतीने थरथरणाऱ्या बोटांनी. शिवाय पिस्तुलाचे .३२ काडतूस रिव्हॉल्व्हरच्या .३२ काडतुसाहून निराळे असते. बोअर एकच लिहिलेले असल्यामुळे चुकीचा डबा आणणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत.

रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, विशेषतः घोडा न चढविता ओढताना, अशी तक्रार असते. ती खरी आहे, आणि लहान पंजाच्या स्त्रियांना तो जाचतोही. पण पिस्तुलाची स्लाइड ओढावयासही जोर लागतोच. आणि कमरेवर, पर्समध्ये, उशाशी राहणाऱ्या शस्त्राचा चाप जड असणे हा आमच्या मते दोष नव्हे.

क्रांतिकारकांचा दाखला देणारेही भेटतात. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या दुहेरी तळातून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली होती ना? चंद्रशेखर आझादांचे कोल्ट पिस्तूल आजही प्रयागराजच्या संग्रहालयात आहे ना? होय, आहे. पण त्याच आझादांनी झाशीजवळच्या ओरछाच्या रानात नेमबाजीचा किती सराव केला आणि सहकाऱ्यांकडून करून घेतला, हे का विसरता? शिवाय त्यांचा लढा परकीय सत्तेशी होता. आपला प्रश्न स्वतंत्र देशाच्या कायद्यात राहून घर राखण्याचा आहे. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभारली, ती शस्त्रे वाटण्यासाठी नव्हे. शिस्त आणि शिक्षण नसलेल्या हातातले शस्त्र म्हणजे ओझे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पिस्तूल वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पोलीस अधिकारी, निवृत्त सैनिक, नियमित नेमबाज, ज्यांचे महिन्यातून काही तास चांदमारीवर जातात, त्यांनी खुशाल पिस्तूल घ्यावे. त्यांच्या हाती ते अधिक वेगवान आणि अधिक अचूक ठरेल. परंतु निवड सरावावर ठरते, हौसेवर नाही. आणि सरावाची सोय आहे कोठे? २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणले, हे योग्यच झाले. पण एकदा घेतलेला वर्ग म्हणजे सराव नव्हे. तालुक्याच्या गावचा परवानाधारक त्यानंतर चांदमारीस जाणार कोठे? २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे केली आणि प्रत्येकी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली. या पाच वर्षांत त्याने किती गोळ्या झाडल्या, हे विचारण्याची मात्र कोणालाच गरज वाटत नाही.

किमतीविषयीही बोलावयास हवे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी निर्माणीने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, म्हणजे पर्सला झेपेल असे. किंमत मात्र तेव्हाच १ लाख २२ हजार ३६० रुपये. रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या परिचारिकेने ते घ्यावे कसे? पीडितेची आठवण नावात जपली, आणि शस्त्र मात्र श्रीमंतांच्या घरी गेले. कानपूरहूनच २०२३ साली 'प्रबल' आले. ते अधिक लांब पल्ल्याचे आहे. स्वदेशी कारागिरी म्हणून त्याचे कौतुक जरूर करू. परंतु पन्नास मीटरचा पल्ला घेऊन दुकानदार करणार काय? त्याच्यावर येणारे संकट गल्ल्यापलीकडून, जिन्यात, मोटारीच्या दारापाशी येते. त्याला दोन-तीन मीटरवर थंड डोक्याने वागावयाचे असते, आणि बहुतेक वेळा गोळी न झाडण्याचाच निर्णय घ्यावयाचा असतो.

आपल्या गावोगावी निवृत्त सुभेदार, हवालदार आहेत. प्रशासनाची रीतसर अनुमती घेऊन, पोलिसांच्या चांदमारीवर, महिन्यातून एक रविवार परवानाधारकांना घेऊन बसावयास ते एका पायावर तयार होतील. जिल्हाधिकाऱ्यांकडे तसा अर्ज करणे ही आपल्या कार्यकर्त्यांना अशक्य गोष्ट नाही. मेळाव्यांना मंडप घालणाऱ्यांना एवढा एक कागद लिहिता येऊ नये?

त्या सराफाने पिस्तूल परवानाधारक विक्रेत्याकडे परत दिले आणि परवान्यात रीतसर नोंद करून रिव्हॉल्व्हर घेतले. पुढच्या दसऱ्याला ते पाटावर ठेवले तेव्हा चक्र उघडेच होते. देवघराची चौकट त्यांनी अजून बदललेली नाही.