आडनाव काय तुझं?

लग्नाच्या पंगती उठून भांडी घासून होईपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. आचाऱ्याच्या हाताखाली काम करणारा एक मुलगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, शेवटची बस चुकल्यामुळे कार्यालयाच्या पायरीवर बसला होता. त्याची वस्ती माझ्या वाटेवरच. म्हटलं, चल बस मागे. पुलाच्या उतारावर नाकाबंदी लागली होती. मी स्कूटर बाजूला घेतली, लायसन्स दाखवलं, गाडीची कागदपत्रं मोबाइलवर दाखवली. "ठीक आहे, काका," हवालदार म्हणाले आणि त्यांच्या बॅटरीचा झोत मागे सरकला.

"आधार कार्ड?"

"घरी आहे, साहेब."

"आडनाव काय तुझं?"

त्यानं आडनाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ऐकताच जमात कळावी असं ते आडनाव आहे, एवढं पुरे. हवालदारांचा आवाज तिथे बदलला. "उतर खाली. बॅग उघड."

मुलगा उतरला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. हात वर कर, असं त्याला कुणीही म्हटलेलं नव्हतं.

बॅग रस्त्यावर उपडी झाली. हळदीचे डाग पडलेला शर्ट, टॉवेल, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिलेली बुंदी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कांदे चिरायची सुरी. "ही कशाला?" "कामाची आहे, साहेब." खिसे चाचपले, त्यातले मजुरीचे आठशे रुपये दोनदा मोजले. "काका, तुम्ही निघा, याला बघतो आम्ही," असं मला सांगण्यात आलं. मी निघालो नाही. वीस मिनिटांनी त्याला सोडलं. कुणी काही लिहून घेतलं नाही, कुणाला पंच म्हणून बोलावलं नाही. बुंदी डांबरावर सांडली होती.

माझ्या स्कूटरच्या डिकीत त्या वेळी नारळ सोलायचा कोयता होता. सकाळी मीच तो घरून कार्यालयात नेला होता. डिकी उघडा, असं मला कुणी म्हटलं नाही.

नाकाबंदी नको, असं मी म्हणणार नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती म्हणूनच मुंबईवर हल्ला करणारा दहशतवादी कसाब जिवंत हाती लागला. हातात फक्त लाठी असलेल्या सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि प्राण दिले. रात्रभर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पोलिसांचं ऋण मानणारा मी माणूस आहे. पण गाडी थांबवणं वेगळं आणि माणसाच्या अंगाला हात लावणं वेगळं. या दोहोंच्या मध्ये कायद्यानं एक रेघ ओढलेली आहे.

गणवेशातल्या पोलिसानं मागितलं तर चालवणाऱ्यानं लायसन्स दाखवलंच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम 130 तसं सांगतं. मागे बसलेल्याला हे लागू नाही. आधार कार्ड सतत खिशात बाळगलं पाहिजे, असं भारतीय नागरिकाला सांगणारा कायदा तर नाहीच. नाव-पत्ता विचारला तर खरा सांगावा, त्यात शहाणपण आहे. अदखलपात्र गुन्हा पोलिसासमोर घडला किंवा तसा आरोप असला आणि माणसानं नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा सांगितला, तर त्याला अटक करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 39 हेच आहे. पण तिथेही खरं नाव-पत्ता कळला की बंधपत्रावर सोडायचं असतं. 24 तासांत तो कळला नाही, तर दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. नाव विचारणं हे झडतीचं दार नाही.

मग अंगझडती कधी? अटक झाल्यावर घेता येते. तिथेसुद्धा काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते आणि स्त्रीची झडती स्त्रीनंच, सभ्यता सांभाळून घ्यायची असते. अटकेआधी झडती घ्यायची तर अमली पदार्थ, शस्त्रं, दारू अशा विशेष कायद्यांचा आधार लागतो आणि संशयाला काहीतरी कारण लागतं. खबर असेल, हालचाल असेल, चोरीच्या गाडीचा नंबर असेल. अमली पदार्थांसाठी अंग तपासायचं असेल, तर "राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे" हे त्या माणसाला आधी सांगावं लागतं. हे सांगणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2010 मध्ये ठरवलं. हातातल्या बॅगेला मात्र हे संरक्षण नाही, हेही त्याच न्यायालयानं 2005 मध्ये सांगून ठेवलं आहे. मोबाइलची गोष्ट याहून सोपी आहे. 2021 मध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यावर तरुणांना थांबवून फोनमधले संदेश चाळत होते. जाणाऱ्या-येणाऱ्याचे संदेश असे सरसकट वाचण्याचा अधिकार कोणत्याही कायद्यानं दिलेला नाही.

आणि ती सुरी? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 122 प्रमाणे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत घातक हत्यार घेऊन फिरणं गुन्हा आहे खरं, पण ते गुन्हा करण्याच्या हेतूनं असेल तर. दिवसभर दोन पोती कांदा चिरलेल्या मुलाच्या बॅगेत सुरी नसेल तर काय असेल?

याच अधिनियमातली आणखी दोन कलमं माझ्या वाचकांनी लक्षात ठेवावीत, असं मला फार वाटतं. कलम 66 सांगतं की झडती घेताना पोलिसानं विनाकारण उद्धटपणा करू नये, नाहक त्रास देऊ नये. हे पोलिसाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, त्याच्या स्वभावावर सोडलेलं नाही. आणि कलम 147 प्रमाणे त्रास देण्यासाठी, गरज नसताना कुणाला अडकवून ठेवणाऱ्या, झडती किंवा अटक करणाऱ्या पोलिसाला कैदेची किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते. 1951 पासून हे कलम पुस्तकात आहे.

पण त्या रात्री संशयाचं कारण काय होतं? खबर नव्हती, पळापळ नव्हती. कारण होतं ते आडनाव. 1871 साली ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये या माणसांनी तारेच्या कुंपणाआड दिवस काढले, हजेऱ्या दिल्या. देश स्वतंत्र झाल्यावरही ते कुंपण पाच वर्षं राहिलं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की, मागास आणि विमुक्त समाजातल्या निरपराध माणसांची नावं केवळ त्यांच्या पार्श्वभूमीमुळे पोलिसांच्या हिस्ट्री शीटमध्ये यांत्रिकपणे जाऊ देऊ नका. म्हणजे बहात्तर वर्षांनंतरही हे सांगावं लागलं. न सांगता वर गेलेले ते दोन हात मला त्याच कुंपणाच्या आतले वाटले.

पंचनाम्यात एक जुनी रीत असते. झडतीआधी पोलीस आणि पंच स्वतःची अंगझडती समोरच्याला देऊ करतात, म्हणजे खिशातून काय निघालं याइतकंच खिशात बाहेरून काही गेलं नाही हेही नोंदलं जातं. घराच्या झडतीला त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच लागतात. 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक झालं आहे. पण रात्री पुलाच्या उतारावर, कागदावर न येणाऱ्या झडतीला पंच कोण? पंच व्हायचं म्हटलं की आपण सगळे मागे सरतो, कोर्टाच्या तारखा नकोत म्हणून. लेखी बोलावणं आल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं हाही गुन्हा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

म्हणून विनंती एवढीच. रस्त्यावर कुणाची बॅग उपसली जाताना दिसली, तर गाडी बाजूला लावा. वाद घालू नका, आड येऊ नका. कारण काय, असं शांतपणे विचारा, गणवेशावरची नावाची पट्टी वाचा आणि तो माणूस बॅग भरून चालायला लागेपर्यंत तिथून हलू नका.