व्यवहारदर्पण : फ्रेम काढावी, लॉक नव्हे



व्यापारी कुटुंबात वाहन ही केवळ प्रवासाची सोय नसते. दुकानाचा टेम्पो, वसुलीला जाणारी स्कूटर, घरातील मंडळींना तीर्थयात्रेस नेणारी मोटार, ही सारी पेढीच्या मालमत्तेचाच भाग असतात. त्यांच्या कागदपत्रांकडे आपण लक्ष देतो, विम्याची तारीख लिहून ठेवतो. परंतु पुढच्या बंपरवरील नंबरप्लेट व तिच्या मागची प्लास्टिकची ब्रॅकेट यांकडे सहसा कोणी पाहत नाही. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, 31 मार्च 2025 ची मुदत पुढे वारंवार वाढवण्यात आली, आणि ठाण्याच्या एमएच 04 व कल्याणच्या एमएच 05 या दोन्ही मालिकांतील असंख्य गाड्यांची जुनी प्लेट उतरली. त्या निमित्ताने एक प्रश्न घरोघरी विचारला जातो : कंपनीने बसवून दिलेली ही ब्रॅकेट काढता येते का, आणि काढावी का?

प्रथम ती कशासाठी असते ते पाहू. बंपर गोलाकार असतो, प्लेट सपाट असते. आपल्याकडील मोटारीची प्रचलित लांबट प्लेट 500 मिलिमीटर लांब व 120 मिलिमीटर उंच. तिला टेकण्यासाठी सपाट बैठक लागते. काही गाड्यांत ती बंपरच्या साच्यातच असते, काहींत वेगळी ब्रॅकेट स्क्रूने वा खटक्याने बसवलेली असते. परदेशातून आलेल्या गाडीत अडचण होते ती येथेच. अमेरिकन प्लेट 12 इंच बाय 6 इंच, म्हणजे आखूड व उंच. जर्मनीतील 520 बाय 110 मिलिमीटर, म्हणजे लांब व निमुळती. त्या मापाच्या बैठकीवर आपली प्लेट नीट बसत नाही.

आपले आप्त अमेरिकेत असतील तर त्यांच्याकडून वेगळेच ऐकू येईल. न्यू जर्सीत प्लेट पुढे-मागे दोन्हीकडे लागते. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हानियात गेले की केवळ मागे. म्हणून तेथे कित्येक जण पुढची ब्रॅकेट काढून टाकतात आणि भोके बुजवतात. तो सल्ला भारतात लागू पडत नाही. आपल्याकडे मोटारीस पुढची प्लेट अनिवार्य आहे. येथे ब्रॅकेट काढायची ती दुसरी योग्य बैठक बसवण्यासाठी, तुटलेली बदलण्यासाठी, किंवा शोरूमने वा दुकानदाराने वरून चढवलेली शोभेची फ्रेम दूर करण्यासाठी. प्लेटविना गाडी फिरवण्यासाठी नव्हे.

आता या नव्या प्लेटचे मर्म समजून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 50 यात 2001 साली ही व्यवस्था आणली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली ती वैध ठरवली. आणि 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनासोबतच ती देणे उत्पादकावर बंधनकारक झाले. ॲल्युमिनियमच्या या प्लेटवर डावीकडे अशोकचक्राचा 20 मिलिमीटरचा होलोग्राम असतो, निळ्या रंगात ‘आयएनडी’ ही इंग्रजी अक्षरे असतात, आणि लेझरने कोरलेला कायमचा ओळख क्रमांक असतो. मोटारीच्या समोरच्या काचेवर तिसरी नोंद म्हणून स्टिकर लागतो, पेट्रोल व सीएनजीसाठी फिकट निळा, डिझेलसाठी नारिंगी. तो सोलून काढू गेल्यास फाटतो. आणि प्लेट ज्या खिळीने बसवतात ते स्नॅप लॉक एकदाच लागते. उघडायचे म्हटले तर ते मोडावेच लागते.

हे मोडणे हाच त्याचा गुण होय. आपल्या दुकानातील तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का व सील असते. सील तुटले की वजन बरोबर असले तरी तराजू संशयास्पद ठरतो. स्नॅप लॉकचे तसेच आहे. एका गाडीची प्लेट अलगद काढून दुसरीवर चढवता आली, तर चोरीची गाडी आपल्या क्रमांकाने फिरेल, सिग्नल तोडेल, कदाचित त्याहून वाईट काही करील. आणि ई-चलन वा पोलीस येतील ते आपल्या दारी. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पत जपली, त्याला आपल्या क्रमांकावर परक्याचे कृत्य चढणे परवडणारे नाही.

म्हणून व्यवहारातील नियम सोपा ठेवावा : बैठकीचे सर्व काम प्लेट बसण्यापूर्वी. नव्या प्लेटसाठी वेळ ठरली असेल तर आदल्या दिवशी जुनी फ्रेम व ब्रॅकेट तपासावी. गाडी आधी धुवावी; चिखलाखाली स्क्रू दिसत नाहीत. दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीचा स्क्रू गंजलेला असतो. त्यावर गंज सुटण्याचे तेल सोडून थोडा वेळ थांबावे, आणि खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर वापरावा. सैल वापरल्यास खाच झिजते व मग स्क्रूचे डोके ड्रिलने कापावे लागते. फ्रेम दुहेरी टेपने चिकटवली असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने ती कोमट करावी आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढत न्यावा. पत्र्याची पट्टी खुपसू नये, बंपरचा रंग उडतो. उरलेल्या डिंकासाठी थिनर वा पेट्रोल नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसावे. रिकामी भोके रबरी बुचाने बंद करावीत. नवे भोक पाडायचेच असेल तर बंपरच्या मागे सेन्सर वा वायर नाही हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. प्लास्टिकच्या बंपरवर स्क्रू अति आवळला तर आटे जातात आणि प्लेट खडखडू लागते.

शोभेची फ्रेम नव्या प्लेटवर पुन्हा चढवण्याचा मोह टाळावा. तिच्या कडेखाली होलोग्राम किंवा लेझर क्रमांक झाकला गेला, तर सुरक्षेचा हेतूच निष्फळ होतो. 4141 चे ‘दादा’ आणि 214 चे ‘राम’ करण्याची हौस तर आता सोडलेलीच बरी. मोटारीच्या प्लेटवरील अक्षर 65 मिलिमीटर उंच व 10 मिलिमीटर जाड असावे, असे माप ठरलेले आहे.

खरा धोका मात्र प्लेट बसल्यानंतर येतो. भिवंडीच्या गोदामाकडे जाताना किंवा शीळ रस्त्यावरील गर्दीत पुढच्या गाडीला धक्का लागतो, बंपर बदलावा लागतो, आणि गॅरेजमधील कारागीर लॉक तोडून प्लेट काढतो व काम झाल्यावर ती साध्या स्क्रूने लावून देतो. गाडी चकचकीत दिसते. सील मात्र गेलेले असते. गाडी गॅरेजला देतानाच हे बोलून घ्यावे, आणि परत घेताना लॉक पाहावे. प्लेट वाकली वा फुटली तर अधिकृत पुरवठादाराकडूनच बदलून घ्यावी. हरवली वा चोरीस गेली तर प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवावी. राज्यात ठरलेले दर दुचाकीस 450, तीनचाकीस 500 व मोटारीस 745 रुपये असे होते, वस्तू व सेवा कर वेगळा. रस्त्याकडेच्या नकली प्लेटने यातून फार काही वाचत नाही, आणि तिचा क्रमांक सरकारी नोंदीत चढत नाही.

उतरलेली जुनी प्लेट भंगारवाल्याला अखंड देऊ नये. तिचे तुकडे करावेत. रद्द केलेला धनादेश आपण फाडून टाकतो, तीच ही सावधगिरी.

शेवटी एक घरगुती गोष्ट. एकत्र कुटुंबात गाडी कधी दिवंगत वडिलांच्या नावावर राहते, कधी विभक्त झालेल्या काकांच्या. प्लेटची नोंदणी करताना चेसिस व इंजिन क्रमांक मागितले जातात, मोबाइल क्रमांकही लागतो, आणि मग लक्षात येते की आरसी पुस्तकात जे नाव आहे ते माणूसच राहिले नाही. प्लेटचे काम त्यामुळे अडते. पण त्याहून गंभीर म्हणजे अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो. तेव्हा येत्या रविवारी घरातील सर्व वाहनांची एक यादी करावी : क्रमांक, नाव, विमा, प्लेट, लॉक, स्टिकर. वर्षाच्या हिशेबाला आपण जितका वेळ देतो, त्याच्या शतांशही यास लागणार नाही.