सॉफ्टवेअर विकले जाते तेव्हा गिऱ्हाईक कुठे असते?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडून कोलाडकडे निघाले की वाटेत खांब लागते. इथल्या पट्ट्यातल्या माणसाला कंपन्यांची खरेदी-विक्री म्हणजे काय, हे वर्तमानपत्राने शिकवायची गरज नाही. नागोठण्यात कारखाना असलेल्या आयपीसीएलचा 26 टक्के हिस्सा 2002 मध्ये 1,491 कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेला आणि 2007 मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. मार्च 2025 मध्ये पुण्याच्या सुदर्शन केमिकलने जर्मनीच्या हॉयबाख समूहाचा व्यवसाय घेतला. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत सुदर्शनचा कारखाना आहेच, आणि पूर्वी क्लॅरियंटचा असलेला हॉयबाखचा कारखानाही तिथलाच. शेजारचा प्रतिस्पर्धी एका व्यवहारात घरचा झाला. पाटी बदलली, पगाराच्या चिठ्ठीवरचे नाव बदलले, चहाच्या टपरीवर चर्चा झाली.

सॉफ्टवेअर कंपनी विकली जाते तेव्हा यातले काहीच दिसत नाही. बातमी अर्थ-पानावर येते, डॉलरचा आकडा छापला जातो, शेअरचा भाव हलतो. पण विकत घेणारा नेमके काय घेतो? इमारत बहुधा भाड्याची असते, संगणक चार-पाच वर्षांत भंगारात जातात, अभियंते राजीनामा देऊ शकतात. घर विकले की आतला भाडेकरूही नव्या मालकाच्या वाट्याला येतो, तसे या धंद्यात गिऱ्हाईक वाट्याला येते. खरी किंमत त्याचीच असते, कारण ते सहजासहजी जागा सोडू शकत नाही.

मुंबईचेच उदाहरण घ्यावे. सिटीबँकेने 1985 मध्ये सीप्झमध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढली, तिच्यातून 1992 मध्ये राजेश हुक्कू यांच्या नेतृत्वाखाली सिटिल वेगळी झाली, आणि पुढे तिचे नाव आय-फ्लेक्स पडले. 'फ्लेक्सक्यूब' हे तिचे बँकांसाठीचे सॉफ्टवेअर. बहुतेक भारतीय कंपन्या परदेशी गिऱ्हाइकांना माणसे पुरवून तासांचे बिल लावत होत्या, त्या काळात या कंपनीने स्वतःचा तयार माल जगभरच्या बँकांना विकला. एचडीएफसी बँकही त्यावर चालते. ऑगस्ट 2005 मध्ये ओरॅकलने सिटीग्रुपकडचा सुमारे 41 टक्के हिस्सा 59 कोटी 30 लाख डॉलरना घेण्याचा करार केला, 2008 मध्ये कंपनी 'ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर' झाली. तिचे शेअर आजही मुंबईत विकले-घेतले जातात, पण सत्तर टक्क्यांहून अधिक भाग ओरॅकलचे आहेत. फ्लेक्सक्यूब बुडाले नाही, उलट मोठ्या कंपनीचे विक्रीचे जाळे त्याला मिळाले, हे मान्य करायला हवे. मात्र ते वापरणाऱ्या बँकांना त्या वेळी 'तुमचे काय मत?' असे विचारण्याची प्रथा नव्हती. आजही नाही.

गिऱ्हाईक अडकते ते असे. बँकेचे मुख्य सॉफ्टवेअर बदलायचे तर प्रत्येक खाते, प्रत्येक व्याजाचा हिशेब, प्रत्येक तारण नव्या रचनेत उतरवावे लागते, काही काळ दोन्ही यंत्रणा शेजारी-शेजारी चालवून ताळा जुळवावा लागतो, कर्मचाऱ्यांना नव्याने शिकवावे लागते. दरम्यान काउंटर बंद ठेवता येत नाही. मग वार्षिक देखभालीचे बिल वाढले तरी व्यवस्थापक सही करतो. ओरॅकलचा रूढ दर परवान्याच्या किमतीच्या 22 टक्के, तोही दरवर्षी.

हा धोका ओळखणारी एक सॉफ्टवेअर कंपनी होऊन गेली, पीपलसॉफ्ट. ओरॅकलने 2003 मध्ये तिच्यावर झडप घातली तेव्हा तिने गिऱ्हाइकांना करारातच हमी दिली: आम्ही विकलो गेलो आणि नव्या मालकाने तुमची सेवा तोडली, तर परवान्याच्या रकमेच्या दोन ते पाच पट पैसे परत. हेतू अर्थात ओरॅकलला हा व्यवहार महाग पाडण्याचा होता, गिऱ्हाईकप्रेमाचा तितका नव्हता. दीड वर्षाच्या झुंजीनंतर 10.3 अब्ज डॉलरना कंपनी गेलीच. तरी अशी हमी करारात लिहिता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

अशी हमी नसलेल्यांचे काय होते, ते नोव्हेंबर 2023 नंतर दिसले. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. यापुढे फक्त वर्गणी. एटी अँड टीसारखी बलाढ्य कंपनी न्यायालयात गेली, आणि तिच्या कागदपत्रांत 1,050 टक्के दरवाढीच्या प्रस्तावाचा उल्लेख आला. पुढे तडजोड झाली. एटी अँड टीकडे वकिलांची फौज आहे. तालुक्याच्या नागरी बँकेकडे काय आहे?

गिऱ्हाइकांचे असे असले, तरी पुण्याच्या अभियंत्यांना मालक बदलण्याची सवयच झाली आहे. व्हेरिटास या सॉफ्टवेअर कंपनीचे पुण्यात मोठे केंद्र होते. 2005 मध्ये ती सिमँटेकची झाली, 2016 मध्ये कार्लाइल या गुंतवणूक कंपनीकडे गेली, आणि 2024 च्या डिसेंबरात तिचा मोठा हिस्सा कोहेसिटीत विलीन झाला. व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याचे तेवढे भले झाले असेल.

आता पुन्हा गिऱ्हाइकांकडे, म्हणजे सहकारी बँकांकडे येऊ. जुलै 2024 च्या अखेरीस बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडले. इथे मालक बदलला नव्हता, पण एका पुरवठादारावर किती बँका टेकल्या आहेत ते एका दिवसात कळले. रिझर्व्ह बँकेने त्याआधीच, एप्रिल 2023 मध्ये, आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश काढले होते. पुरवठादार सोडायची वेळ आली तर कसे सोडायचे याची योजना आधीच हवी, असे ते सांगतात. चांगलेच आहे. फक्त टियर-1 आणि टियर-2 नागरी बँका, म्हणजे ढोबळमानाने 1,000 कोटींपर्यंत ठेवी असलेल्या, त्यांतून वगळल्या आहेत. लहानांवर कागदपत्रांचे ओझे नको, हा हेतू समजतो. पण सौदा करण्याची ताकद सर्वांत कमी असलेली गिऱ्हाइके नेमकी हीच.

या बँकांना प्रत्येकी वकील परवडणार नाही, तर त्यांच्या महासंघाने एक नमुना करार तयार करावा. पुरवठादाराची मालकी बदलली तर तीन वर्षे दर गोठलेले राहतील. बँकेचा सगळा डेटा कोणत्याही यंत्रणेत वाचता येईल अशा स्वरूपात मागताक्षणी मिळेल. मूळ प्रोग्रामची प्रत तिऱ्हाइताकडे ठेवलेली असेल आणि उत्पादन बंद पडले तर ती बँकांना वापरता येईल. एकट्या बँकेने ही कलमे मागितली तर विक्रेता हसेल. शंभर बँकांनी एकाच मसुद्यावर बोट ठेवले, तर त्याला बसून बोलावे लागेल, आणि ते बोलणे कंपनी विक्रीला निघण्याआधी व्हायला हवे.