‘नाही’ म्हणणंही तेवढंच सोपं हवं!

वेबसाइट उघडली की पट्टी येते, ‘आम्ही कुकीज वापरतो, मान्य?’ आपण न वाचताच ‘हो’ दाबतो. ही कटकट युरोपच्या कायद्याने आणली असं म्हणतात. ते अर्धंच खरं.

कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या मोबाइलमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. लॉगिन टिकवायला ती लागतेच, आणि त्यासाठी युरोपात परवानगी मागावी लागत नाही. परवानगी लागते ती जाहिरातीसाठी तुमच्या मागावर राहणाऱ्या कुकीला. म्हणजे पाळत ठेवली नाही, तर ती पट्टी बहुतेक वेळा लागणारच नाही!

२०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण? ‘हो’ एका क्लिकवर, ‘नाही’साठी मात्र अनेक क्लिक.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, आणि मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची विनंती मराठीत वाचायचा पर्यायही द्यायचा आहे.

पण मंडळी, कायदा असला तरी मागितल्याशिवाय काही मिळत नाही. पुढच्या वेळी ‘हो’ दाबण्याआधी ‘नाही’चं बटण शोधा. सापडलं नाही, तर तुम्हाला विचारलेलंच नाही, फक्त तुमचा अंगठा घेतलाय.