प्रदर्शन कोणासाठी?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने (आजच्या अभिमत विद्यापीठाने) १९६८ साली शिरूर तालुक्यातील इनामगावी उत्खनन आरंभिले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे आणि त्या घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली बालके तेथे आढळली. असे कुंभ संग्रहालयात पाहून कोणीही थबकेल. परंतु त्यांचा अर्थ उलगडणारा १९८८ चा अहवाल इंग्रजीत आहे, आणि त्याची जागा ग्रंथालयात. उद्घाटने, भाषणे, हारतुरे यांनी ही दरी बुजत नाही. त्यासाठी मांडलेल्या कुंभाशेजारी अहवालाचे सुबोध मराठी सार हवे. ज्या गावाच्या मातीतून हे ज्ञान निघाले, तेथील मुलांना ते त्यांच्याच भाषेत वाचता यावे, एवढे ऋण विद्यापीठाने फेडावयासच हवे.