विषय इथला, म्हणून अभ्यासकही इथलाच?

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२२ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक कलम घातले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताविषयीचे सामाजिक अध्ययन असे विषय घेऊन परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यास ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, हा त्याचा आशय. १९५४-५५ पासून चालत आलेली ही योजना मुख्यतः अनुसूचित जातींतील, तसेच विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींसाठी आहे. त्या वर्षीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी होत्या. म्हणजे संस्कृतीच्या व्याख्याकारांनी ज्यांची दखल घेतली नाही त्यांनाच सांगण्यात आले की, बाहेर जाऊन काहीही शिका, फक्त स्वतःविषयी शिकू नका.

या विषयांची साधने देशातच विपुल आहेत, मग परदेशी जाण्याचे प्रयोजन काय, असे या कलमाचे समर्थन करण्यात आले. युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. मराठी समीक्षेला तो परका वाटू नये, इतकी आपली वैचारिक मशागतही गेल्या चार दशकांत झालेली आहे. म्हणूनच त्याची तपासणी आवश्यक ठरते.

पहिली गोष्ट साधनांची. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. त्याचे देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांना सापडले ते लंडनमधील मार्सडन संग्रहात. कंपनी सरकारचे दप्तर लंडनला आहे. १९६२ पासून पी. एल. ४८० योजनेखाली, गव्हाच्या किमतीपोटी साचलेल्या रुपयांतून, अमेरिकी ग्रंथालयांनी मराठी पुस्तके व नियतकालिके खरेदी केली. ती तेथे जतन झाली आहेत. इकडे आपल्या सार्वजनिक वाचनालयांतील जुन्या अंकांची काय अवस्था आहे, हे कोणत्याही संशोधकास विचारावे. साधने विपुल आहेत असे म्हणणाऱ्याने ती शोधलेली नसतात.

परंतु साधनांचा प्रश्न गौणच म्हटला पाहिजे. परदेशातील मुक्काम हा केवळ कागद पाहण्यासाठी नसतो. आपल्या विषयाकडे अन्य समाजांच्या शेजारी ठेवून पाहण्याची सवय तेथे लागू शकते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात निबंध वाचला तो भारतातील जातींच्या उत्पत्तीवर. त्यांचा तेथील प्रबंध ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. आजच्या कलमाच्या चाळणीतून तो निबंध सुटला असता काय? सयाजीरावांच्या दरबाराला जे सुचले ते प्रजासत्ताकाच्या मंत्रालयाला सुचू नये, हे आपल्या प्रगतीचे एक मापच होय.

येथे देशीवादाची आठवण अपरिहार्य आहे. साहित्याचे निकष त्याच्या भूमीतून यावेत, हा विचार मराठी समीक्षेला उपकारक ठरला, याविषयी दुमत नसावे. मात्र त्याच्या अनुयायांनी निकषांच्या भूमीविषयीचे हे विधान अभ्यासकाच्या भूमीविषयीचे करून टाकले. खुद्द भालचंद्र नेमाडे लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये अध्यापन करून आले, त्यामुळे त्यांची दृष्टी विलायती झाली असे कोणी म्हणत नाही. मुळे घट्ट असणे आणि पाय बांधलेले असणे यांतील फरक आपण विसरलो, आणि शासकीय कलमाला आयताच तात्त्विक आधार मिळाला.

शासनाने हात आखडला की उरतात त्या फुलब्राइट-नेहरूसारख्या अभ्यासवृत्ती. येथील विद्यापीठात नोंदणी केलेल्या संशोधकाला त्या सहा ते नऊ महिने अमेरिकेत राहण्याची संधी देतात, आणि त्यांचे मोल कमी नाही. पण तेथे पोचायचे तर सफाईदार इंग्रजी प्रस्ताव, वजनदार शिफारसपत्रे आणि तेथील प्राध्यापकाशी आधीचा पत्रव्यवहार लागतो. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या, मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याकडे नेमके हेच नसते. शिवाय प्रस्ताव यजमानांच्या प्रचलित परिभाषेत बसवावा लागतो. सिद्धान्त त्यांचा, सामग्री आपली, ही जुनी श्रमविभागणी पुन्हा पक्की होते. कलमाने परावलंबन टळले नाही. ते अधिक सुखवस्तूंच्या वाट्याला गेले, इतकेच.

खरी तक्रार करायची तर ती परतणाऱ्यांविषयी करावी. परदेशात मराठी साहित्यावर काम करून आलेल्यांपैकी कितीजण ते मराठीत मांडतात? श्री. व्यं. केतकरांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ कॉर्नेलमधील अध्ययनातून, इंग्रजीत सिद्ध झाला. परतल्यावर त्यांनी मराठीत ज्ञानकोश उभा केला. अट घालायचीच असेल तर ती अशी घालावी: विषय कोणताही घ्या, परंतु परतल्यावर त्याचा हिशेब मराठीत, येथील नियतकालिकांत, येथील विद्यार्थ्यांसमोर द्या. त्यासाठी शासनाने पैसा द्यावा, विद्यापीठांनी रजा द्यावी आणि संपादकांनी जागा द्यावी. विषयावर बंदी घालण्यास मात्र केवळ एक ओळ पुरते. म्हणूनच शासनाला ती सोयीची वाटते, आणि म्हणूनच समीक्षेने तिला सोयीचे मौन देऊ नये.